कापलेला ‘हो’

मित्रांनो, कापड कापण्यात जिचे आयुष्य गेले आणि कागद कापून जिने स्वतःचेच नाक कापून घेतले, अशी मी एक जुनी कात्री आहे.

मावशीने मला शिवणकामासाठी घेतले. तिच्या हाताखाली मी किती फ्रॉक, किती गणवेश बेतले! “तुमची कात्री लोण्यातून फिरते हो,” असे गिऱ्हाईक म्हणाले की मी फुशारून जाई. मावशीचा दंडक एकच होता, कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचा नाही. धार जाते.

मग मावशीचे यजमान अंथरुणाला खिळले. मशीन झाकले गेले आणि मी खणात पडले. मावशीच्या हातात आता सदा फोन असे. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट होता. दवाखान्याची एक परिचारिका तिथे सगळ्यांशी बोलत असे.

मावशीकडे राहणारी भाची त्याच गटाचा अभ्यास करत होती. तिने सगळ्यांची परवानगी घेतली, नावे पुसली आणि गटातले निरोप कागदावर छापून आणले. परिचारिकेला गटावर ठेवायचे की काढायचे, हे दवाखाना भाचीच्या अहवालावरून ठरवणार होता.

तिचे सर म्हणाले होते, “आधी प्रश्न ठरव, मग पद्धत. नुसते विषय हवे असतील तर निरोप सुटे केलेस तरी चालतील. माणसं एकमेकांना कशी सावरतात ते बघायचं असेल, तर बोलणं सलग वाच.”

भाचीने मान डोलावली. पण सलग वाचायचे म्हणजे वेळखाऊ काम, आणि खण उघडला तर मी समोरच. पद्धत तिने निवडली कुठे? मी हाताशी होते, एवढेच. मीही हावरटासारखी कचाकचा चालले. चिठ्ठ्यांचे ढीग झाले: औषधे, थकवा, हसणे, इतर. हसण्याचा ढीग सर्वांत मोठा. भाचीने लिहिले, ‘गट आनंदी आहे. परिचारिकेची फारशी गरज नाही.’

मावशी चहा घेऊन आली. “अगं, माझ्या कात्रीनं कागद कापलास?” म्हणून रागावणार, तोच हसण्याच्या ढिगातली एक चिठ्ठी तिने उचलली. ‘आज ह्यांनी मला ओळखलंच नाही. फुकटात नवी बायको मिळाली त्यांना! हा हा हा!’

“ही माझी,” मावशी म्हणाली. “हिच्या खालचं कुठाय?”

“खाली काय होतं?”

“सिस्टरनं विचारलं होतं, ‘ताई, रडलात का?’”

ती चिठ्ठी ‘इतर’मध्ये निघाली.

“मग तू काय लिहिलंस?” भाचीने विचारले.

“‘हो’ म्हटलं. दुसरं कुणी विचारतच नव्हतं गं.”

एका शब्दाच्या चिठ्ठ्यांना विषयच नव्हता, म्हणून त्या ‘इतर’मध्येही न जाता केराच्या टोपलीत गेल्या होत्या. भाचीने अहवाल फाडला आणि टोपली जमिनीवर पालथी केली. दोघी गुडघ्यांवर बसून शोधू लागल्या.

मित्रांनो, माझ्यासारखी कात्री हाताशी आहे म्हणून कुणाचे बोलणे कापू नका. आधी सगळे वाचा. मी जाड कापडाच्या घड्या कापल्या आहेत, त्यांना लागलेला जोर अजून पात्यांना आठवतो. तो ‘हो’ मात्र कापताना मला जाणवलासुद्धा नाही.