दादाच्या मापाची पेटी

पहिला घाव घातला तर हातोडाच उलटा उडाला. झाकणाला साधी चीर नाही. टेपने तोंडात आलेली शिवी गिळली, आज शिवी द्यायचा दिवस नव्हता, आणि दुसरा घाव घातला. पेटी ढिम्म. रागाच्या भरात आपणच असे सांधे बसवलेत की आता ते कुणाच्या बापाच्याने सुटणार नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं.

टेप म्हणजे पेट्या करणारा सुतार. मेलेल्या माणसांना ज्यात ठेवून पुरतात त्या पेट्या. खिशात कायम मोजायची टेप, म्हणून चर्चमधली सगळी माणसं त्याला टेपच म्हणायची. रविवारी त्याच्याजवळ कुणी जरा जास्त वेळ रेंगाळलं की दुसरा हटकून ओरडायचा, "सरक रे बाबा, तो माप घेतोय!" सगळे हसायचे. टेपही हसायचा. आई जाईपर्यंत.

"कुणाच्या नावाने ठोकताय?" बायको दारात उभी होती. हातात पिशवी, पायात चपला. "जाऊबाईंचा परत फोन आला. दुपारी दादांना ऑपरेशनला नेणार. छाती उघडणार म्हणे. आणि तुम्ही इथे लाकडं फोडत बसलाय!"

"एवढी फोडतो आणि निघतो."

"ही? सागवानी? डोकं ठिकाणावर आहे ना? गिऱ्हाइकाची आहे म्हणाला होतात."

 बायको पुढे आली, तिने पेटीवरची अर्धवट सरकलेली ताडपत्री पूर्ण ओढली आणि पेटीवरून नजर फिरवली. सुताराची बायको ती, अंदाज तिलाही येत होता. एवढ्या उंचीचा आणि असल्या खांद्यांचा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता.

"नाही," ती म्हणाली. "अहो, नाही. असं सांगू नका मला."

"दादाची आहे."

तिने ताडपत्री अशी सोडली की जणू चटका बसला.

झालं होतं ते असं. आई गेली तेव्हा आईच्या अंगाला टेप लावायला त्याचा हात धजला नाही. आयुष्यभर लोकांच्या आया मोजल्या, स्वतःची मोजता येईना. डोळ्यात पाणी, समोर धुरकट, अंदाजाने फळ्या कापल्या. अंदाज चुकला. घर माणसांनी भरलेलं, आईला उचलून पेटीत ठेवली तर ती मावेना. तिचे गुडघे मुडपावे लागले. तेव्हा दादा बोलला. दादा बसचा ड्रायव्हर, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. "जन्मभर परक्यांच्या पेट्या केल्यास. आईला एक पुरेशी करता आली नाही तुला?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

टेपने तेव्हाच मनात म्हटलं, थांब. तुझी मी बरोबर मापात करतो.

आणि केली की! रविवारी चर्चमध्ये सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला उभे राहिले. दादा पुढच्या बाकावर. तोंडाने टेप प्रार्थना म्हणत होता आणि डोळ्याने दादाचं डोकं खांबावरच्या कुठल्या खिळ्यापर्यंत जातं, खांदे बाकाच्या कुठल्या फळीपासून कुठल्या फळीपर्यंत भरतात, ते बघत होता. आमचे अपराध माफ कर, जसे आम्ही दुसऱ्यांचे करतो. बरोबर त्याच ओळीला त्याचं माप पूर्ण झालं. सगळे बाहेर पडल्यावर, बाकाचे स्क्रू ढिले झालेत असं चर्च चालवणाऱ्या पाळकांना सांगून त्याने खांबाला आणि बाकाला टेप लावून खात्रीही करून घेतली.

पेटी झाली. पॉलिश झालं. आणि दादाला दम लागायला लागला.

आधी चर्चच्या पायऱ्यांवर तो एकदा थांबायचा. मग मधेच कठड्याला धरून उभा राहायचा. मग त्याचा कोट खांद्यावरून लोंबायला लागला. टेप मागच्या बाकावरून हे बघायचा. माणूस असा उतरत चालला तर पेटी त्याला सैल होईल, असा विचार त्याच्या मनात आपसूक यायचा, आणि त्या विचाराची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

"देवाला सांगितलंत?" बायकोने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"रोज सांगतो. पण त्या माफीच्या ओळीशी आलो की जीभ अडते. पुढचं म्हणूच शकत नाही. ज्या वेळी तोंडाने ते म्हटलं त्याच वेळी मी त्याला मनात मारत होतो ना."

"मग पेटी फोडून काय होणार? देवाला काय ताडपत्रीखालचं दिसत नव्हतं? चला आता." तिने हात पुढे केला. "आणि ती टेप द्या इकडे. ती खिशात घालून त्यांच्या खाटेजवळ जाणार आहात?"

त्याने टेप दिली. तिने ती पिशवीत तळाला टाकली.

दवाखान्यात वहिनी बाहेरच बसल्या होत्या. टेपला बघून ताडकन उठल्या. "आलात का भाऊजी! सकाळपासून तुमच्याच नावाचा धोशा लावलाय. वर्षभर दोघं एकमेकांशी बोलला नाहीत, आता म्हणे त्याला बोलवा. जा, आत जा."

माझं नाव कशाला? टेप दाराशीच थबकला. दादाला कळलंय. मरणाच्या दारातल्या माणसाला सगळं दिसतं म्हणतात.

खाटेवर दादा हिरव्या झग्यात पडला होता. झगा त्याला गुडघ्यापर्यंतच पुरत होता. टेपची नजर त्याच्या खांद्यांकडे गेली. त्याने ती झटकन वळवली.

"काय बघतोस?" दादाचा तो आवाज पार बसला होता. "माप घेतोस का?"

जुनाच विनोद. टेपचा हात रिकाम्या खिशाकडे गेला.

"अरे, गंमत केली. बस. आईची ती प्रभूची प्रार्थना म्हण. मला दम पुरत नाही, तू म्हण, मी ऐकतो. ती शिकवायची तसं सावकाश."

टेपने हात जोडले. स्वर्गातल्या पित्यापासून सुरुवात केली. 'रोजची भाकर आम्हाला दे' इथपर्यंत आला. आणि अडला.

"पुढे?"

"येत नाही."

"लहानपणी झोपेत म्हणायचास की!"

"दादा, मी तुझी पेटी करून ठेवलीये."

मग सगळंच बाहेर आलं. खांबावरचा खिळा, बाकाची फळी, सागवान, पॉलिश. दादा छताकडे बघत राहिला. बाजूच्या बाटलीतून थेंब पडत होते.

"सागवान?"

"हो."

"आईला साधं लाकूड लावलंस."

"हो."

"माझं माप अंदाजाने की टेपने?"

"टेपने."

"म्हणजे बरोबर बसणार."

"दादा, मला माफ कर." टेपने खाटेची कड धरली. "तुला काही झालं तर ते मी केलंय. देवापाशी मागतो, पण तुझ्याकडे मागितल्याशिवाय त्याच्याकडे कुठल्या तोंडाने मागू? कर ना माफ. शिव्या दे, पण कर."

दादाने मान त्याच्याकडे वळवली. तोंड उघडलं. आणि धाडकन दार ढकलून दवाखान्याचा माणूस ढकलगाडी घेऊन आत आला. "चला काका, बोलावलंय. गप्पा नंतर मारा."

नंतर! टेपने त्या माणसाचा गळाच धरला असता. दोघातिघांनी दादाला उचलून गाडीवर घेतलं. गाडी आखूड पडली. दादाचे पाय घोट्याच्या वरपासून बाहेर लोंबायला लागले.

"काका, जरा गुडघे मुडपा," तो माणूस म्हणाला. "दारात पाय आपटतील."

"नाही!" टेप असा ओरडला की बाहेरून वहिनी आणि बायको दोघी धावत आल्या. "त्याचे गुडघे मुडपायचे नाहीत. मी धरतो."

त्याने दोन्ही टाचा ओंजळीत घेतल्या. खरबरीत, भेगाळलेल्या, जन्मभर ब्रेक दाबलेल्या. गाडी निघाली. त्याला मागे मागे पावलं टाकत चालावं लागत होतं, वळणावर पाठ भिंतीला घासत होती, पण दादाचे पाय त्याने कुठे लागू दिले नाहीत.

"म्हण," उशाकडून आवाज आला.

"कुठून?"

"अडलास तिथून."

 टेपने म्हटलं. आमचे अपराध माफ कर. मग श्वास घेतला, आणि पुढची अर्धी ओळ सुरू केली. तेवढ्यात दादाचाही आवाज त्यात आला, फाटका, दम तुटत, अर्ध्या शब्दाने मागे. जसे आम्ही दुसऱ्यांचे करतो. दोघांची ओळ एकदम संपली नाही. टेपची आधी संपली, दादाची नंतर.

"इथून पुढे येता येणार नाही," तो माणूस म्हणाला. आतून दुसऱ्या कुणीतरी पाय धरले. दार मिटलं.

वहिनी भिंतीला टेकून डोळे मिटून पुटपुटत होत्या. बायकोने पिशवी उघडली, तळाशी टेप दिसली, आणि हात आत न घालताच तिने ती परत बंद केली. टेप दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याची ओंजळ अजून तशीच होती, कमरेच्या उंचीवर धरलेली. तळहात अजून गरम होते.