दहा घरं गप्प

मला भोंगा म्हणू नका. कर्णाही म्हणू नका. परवा एका पालकांनी मला पाण्याची पाइपलाइन म्हटलं, तेही मी पोटात घातलं, कारण ते पालक होते. मी ट्रॉम्बोन आहे. तळोद्याच्या एका शाळेत, संगीताच्या खोलीत, लोखंडी कपाटावर माझा मुक्काम असतो. आज तुम्ही तावडीत सापडलाच आहात, तर बसा घटकाभर आणि माझं ऐकूनच जा.

माझा जन्म मीरतचा. एका गल्लीत पितळेचा पत्रा ठोकून, वळवून, डाग देऊन मला उभं केलं. बाकीच्या वाद्यांना बटणं असतात, नाहीतर भोकं. मला त्यातलं काही नाही. मला एक लांब सरकती नळी आहे. ती पुढे ढकलली की सूर खाली उतरतो, मागे ओढली की वर चढतो. पार टोकापर्यंत न्यायची तर हात चांगला लांब लागतो. आखूड हाताच्या माणसाशी माझं कधी पटलंच नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

मला विकत घेतलं रनाळ्याच्या धुडकू मास्तरांनी. त्यांचा लग्नाचा बँड होता. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि पुढे मी. एकतीस वर्षं मी वराती काढल्या. किती नवरदेव घोड्यावर बसवले आणि किती मामांना नाचवून नाचवून घामाघूम केलं, त्याचा हिशेब नाही. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात वरात असली की मास्तर एक सूर फुंकायचे आणि दोनदा शिंकायचे, आणि माझ्या पोटातून दोन्ही बाहेर पडायचं. वऱ्हाडी म्हणायचे, वा, काय नवीन चाल आहे.

मास्तर तसे प्रेमळ. रोज रात्री न चुकता माझ्या नळीला खोबरेल लावायचे. आता थंडीत खोबरेल थिजतं, हे अख्ख्या जगाला ठाऊक आहे. पौष महिन्यात माझी नळी अशी घट्ट बसायची की मास्तर एका टोकाला आणि त्यांची बायको जसोदाबाई दुसऱ्या टोकाला धरून ओढायचे. पण तेल बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. वडील लावायचे म्हणून हेही लावायचे.

त्यांचा कायदा मात्र कडक होता. बँडमध्ये सगळ्यांनी एकच चाल वाजवायची, जीव तोडून वाजवायची आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. कुणी श्वास घ्यायला जरा रेंगाळला की मास्तरांचं कोपर त्याच्या बरगडीत. “फुकट बठेल मानूस मन्हा बँडमा चालस नही,” असं ते म्हणायचे. वाद्य गप्प म्हणजे वाजवणारा कामचोर, हे मीही त्यांच्याकडूनच शिकलो आणि खरं मानून बसलो.

मग डीजे आला. एका टेम्पोत आमच्यासारखे पन्नास बँड मावतील एवढा आवाज. दोन-तीन हंगाम मास्तरांनी धीर धरला. नंतर लाल कोट ट्रंकेत गेले, माणसं कुणी सुरतला गेली, कुणी शेतात, आणि मी खिळ्यावर. सहा वर्षं लटकलो. माझ्या तोंडात कोळ्यानं संसार थाटला. मास्तर जाता येता माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. मला वाटायचं, माणूस किती लवकर विसरतो.

एके दिवशी महामार्गावरचा एक हॉटेलवाला घरी आला. त्याला जुनी वाद्यं हवी होती, भिंतीवर लावायला. माझ्या तोंडात बल्ब बसवायचा त्याचा बेत होता. मास्तर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आणि त्याच आठवड्यात योसेफ सर दारात उभे राहिले.

योसेफ सर मूळचे नवापूरकडचे. लहानपणापासून चर्चच्या बँडमध्ये वाजवलेले. तळोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि उरलेला सगळा वेळ संगीतात घालवतात, त्यामुळे त्यांच्या विज्ञानाच्या वह्या तपासायच्या राहतात. ते म्हणाले, “मास्तर, शाळेत जॅझ बँड काढतोय. सव्वीस जानेवारीला वाजवायचंय. सगळं जमलंय, ट्रॉम्बोनवाचून अडलंय.”

“जॅझ म्हंजे काय ऱ्हास?”

“अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. आपल्यासारखाच बँड असतो, पण सगळ्यांनी एकदम नाही वाजवायचं.”

हे मास्तरांना रुचलं नाही. बराच वेळ त्यांनी मला मांडीवर घेऊन पुसलं. मग म्हणाले, “लई जा. पन सव्वीस जानेवारीले मी ऐकाले येसू. हाऊ बोलता ऱ्हायना तं तुम्हना. गप ऱ्हायना तं हाटेलवालाना.”

अशी ही अट: मी बोललो तर शाळेचा, गप्प राहिलो तर हॉटेलवाल्याचा. पोत्यात घालून मला एसटीनं तळोद्याला नेलं, आणि अटही माझ्याबरोबर आली.

शाळेत मला वाजवायला मुलं रांगेनं उभी राहिली. एकाचाही हात टोकापर्यंत पोचेना. शेवटी मागून एक उंच मुलगी आली. रिना, नववीतली, सातपुड्यातल्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी. हातपाय इतके लांब की वर्गातली पोरं तिला बांबू म्हणत. तिनं नळी ढकलली आणि ती थेट टोकाला गेली, वर कोपरात जरा वाक शिल्लक. मी मनात म्हटलं, आलीस का बाई, एकतीस वर्षं कुठे होतीस.

तिनं पहिल्याच दिवशी गरम पाण्यानं मला आंघोळ घातली. कोळ्याला खिडकीत सोडलं, खोबरेल खरवडून काढलं आणि सरांनी दिलेलं कोल्ड क्रीम नळीला लावून वर पाणी शिंपडलं. नळी लोण्यासारखी सरकायला लागली. संध्याकाळी खोलीत कुणी नसताना ती मला म्हणाली, “हे लांब हात पहिल्यांदाच कामाला आले बघ. तू जाऊ नकोस.” आता अशा पोरीवर जीव जडणार नाही तर काय होणार.

सरांकडे एक जाडजूड फाईल होती. बडोद्याच्या शिबिरात एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं दिलेली. तीत जॅझच्या अरेंजमेंट होत्या. अरेंजमेंट म्हणजे गाण्याची वाटणी. पंगतीत जसं कुणी भात वाढायचा, कुणी वरण, कुणी नुसता पाण्याचा जग घेऊन फिरायचं हे ठरलेलं असतं, तसं कुणी कधी वाजवायचं आणि कधी थांबायचं हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. कागदावर उभ्या रेषा मारून खण पाडलेले. सर त्यांना घरं म्हणायचे. एका घरात चार ठोके.

सव्वीस जानेवारीला एकच गाणं वाजवायला मिळणार होतं. त्यामुळे निवडायचं एकच.

पहिला कागद वेगवान स्विंगचा निघाला. स्विंगमध्ये दोन सुरांतला पहिला लांब आणि दुसरा आखूड. सर म्हणायचे, घाट उतरताना आपली पावलं पडतात ना, तसं. मुलांना ते लगेच जमलं, घाट त्यांच्या पायाखालचाच. पण कागद होता सतरा वाजवणाऱ्यांचा आणि आमची मुलं पाच. भरतकडे ट्रम्पेट, गोकुळकडे क्लॅरिनेट, सुनिताकडे हवा गळणारा सॅक्सोफोन, अमृतकडे ड्रम, आणि रिनाकडे मी. सर स्वतः कीबोर्डवर. सरांनी कात्री लावून सतराचे पाच केले, तरी भरत सोळाव्या घरात घसरला. अमृतचे वडील वरातीत ताशा वाजवतात. वरातीत कुणी चुकला की ताशेवाला ठेका बदलून सगळ्यांना नाचाच्या चालीवर नेतो आणि चूक झाकतो. अमृतनं तेच केलं. पोरांच्या रक्तातलीच सवय, गेली सगळी त्याच्या मागे. पाण्याचा जग घेऊन आलेले शिपाई सुपडूभाऊ जगासकट नाचायला लागले. सरांनी कपाळावर हात मारला आणि तो कागद फाईलमध्ये परत गेला. मला विचाराल तर मजा आली.

दुसरा कागद मध्यम चालीचा स्विंग. त्यात पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत ट्रॉम्बोनच बोलतो, बाकीचे मागे सूर धरून उभे. मी तर खूशच झालो. मला वाटलं, संपला विषय.

तिसरा ब्लूज निघाला. संथ, दुखरा, बारा घरांचा. बारा घरं संपली की पुन्हा पहिल्यापासून, अशा चार फेऱ्या. एका फेरीत भरत पुढे वाजवणार, दुसरीत गोकुळ, तिसरीत सुनिता, चौथीत भरत आणि गोकुळ मिळून. आणि ट्रॉम्बोन? प्रत्येक फेरीत दहा घरं गप्प. शेवटच्या दोन घरांत उत्तर द्यायचं, बस्स.

भरत आणि अमृतला दुसरा कागद हवा होता, टाळ्या मिळतील म्हणून. गोकुळ आणि सुनिताला ब्लूज, कारण त्यात त्यांची स्वतःची एकेक फेरी होती. दोन विरुद्ध दोन. सर म्हणाले, “रिना, तुझ्यावर आलं. अट तुला ठाऊक आहे. मास्तरांनी हा गप्प पाहिला तर घेऊन जातील. तू दुसरा कागद म्हणालीस तर कुणी तुला नावं ठेवणार नाही.”

ती रात्र मागून गेली. सकाळी प्रार्थना झाल्यावर सरांना म्हणाली, “सर, दुसऱ्या कागदात मी एकटीच बोलते. बाकीचे नुसते हो-हो करतात.”

“मग?”

“आमच्याकडे होळीला नाचणाऱ्यांची एक ओळ गाते तेव्हा समोरची ओळ थांबते. ऐकते आणि मग उत्तर देते. ऐकलंच नाही तर उत्तर कशाचं देणार? ब्लूज घेऊ.”

“आणि मास्तर?”

“मास्तरांना कान आहेत ना, सर.” एवढं बोलून तिनं ब्लूजचा कागद पुढे ओढला.

मला असा राग आला म्हणून सांगू. पोरीनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाच, वर माझ्याही. दोन दिवस मी रुसलो. नळी अडकवली, सूर फाटका काढला. पुन्हा आंघोळ, पुन्हा कोल्ड क्रीम. मग सराव सुरू. चपलेतल्या चपलेत अंगठा दाबत ती चाळीस ठोके मोजायची आणि मी तिच्या मांडीवर गप्प.

तिसऱ्या दिवशी काय झालं, गोकुळनं त्याची फेरी वाजवली आणि मी ती ऐकली. एकतीस वर्षं माझ्या शेजारी क्लॅरिनेट वाजत होता. त्याचा आवाज कसा असतो हे मला माहीतच नव्हतं, कारण मी सदा ओरडत होतो. मला लाज वाटली. माझा रुसवा तिथेच संपला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. वरच्या पाड्यांतून जीप भरभरून माणसं आली होती. करमसिंग आणि दिवलीबाई, म्हणजे रिनाचे आईवडील, मागे झाडाखाली उभे होते. पहिल्या रांगेत, पांढऱ्या टोपीत, कापडी पिशवी मांडीवर घेऊन धुडकू मास्तर.

ब्लूज सुरू झाला. भरतनं सूर धरला. एक घर, दोन घरं, पाच घरं. मास्तर मला शोधत होते आणि मी रिनाच्या मांडीवर आडवा. त्यांच्या कपाळावर आठी चढली. सातव्या घरात त्यांना राहवेना, ते उठून उभेच राहिले. “वाजाड ना पोरी, कसाले बठनी?” सगळं मैदान वळून बघायला लागलं. सरांचा चेहरा पडला. रिनाचे कान लाल झाले, डोळे भरले, पण अंगठा थांबला नाही. आठ. नऊ. दहा. मग तिनं मला उचललं, हात पार टोकापर्यंत सोडला आणि खालच्या सुरावरून घासत, चढत असं उत्तर दिलं की झाडाखाली दिवलीबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या फेरीत मास्तर खाली बसले. तिसरीत त्यांनी डोळे मिटले.

टाळ्या थांबल्यावर ते पिशवी घेऊन मंचाच्या पायऱ्या चढून आले. “आन इकडे,” म्हणाले. रिनानं मला त्यांच्या हातात दिलं आणि मान खाली घातली. मास्तरांनी मला ओठांना लावलं. माझं सगळं अंग वाट बघत होतं, आणि आत आली ती नुसती हवा. सूर नाही. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मास्तरांचे पुढचे दात गेले होते. खिळ्यावर सहा वर्षं का होतो, ते मान का फिरवायचे, सगळं मला त्या एका श्वासात कळलं.

“मी वरडनू तरी तू गप कशी ऱ्हायनी?” त्यांनी तिला विचारलं.

“गप्प नव्हते बाबा. मोजत होते. आणि भरतचं ऐकत होते.”

मास्तर तिथेच पायरीवर टेकले. “एकतीस वरीस मी कोनं ऐकंच नही,” असं म्हणाले आणि मला तिच्या हातात ठेवलं. “ले. आते हाऊ तुन्हा शे.” मग सरांकडे वळले. “सर, मन्हा दात गयात. वाजाडाले आते जमस नही. पन गप बठाले माले शिकाडशात का?”

रिनानं बाकावर सरकून जागा केली.

आता दर शनिवारी ते रनाळ्याहून येतात, एसटी बदलून. माझ्या शेजारी बसतात आणि बोटांवर घरं मोजतात. अजून चुकतात बिचारे, आठव्या घरातच फुंकायला छाती भरून घेतात. रिना त्यांच्याकडे न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते, आणि ते थांबतात. असो, बराच वेळ घेतला तुमचा. गाडी आलेली दिसतेय, मास्तर फाटकातून आत शिरतायत. तुम्ही थांबणार असाल तर मागच्या बाकावर बसा आणि आधी बाकीच्यांचं ऐका. माझी पाळी यायला अजून दहा घरं आहेत.