पलीकडे जाणाऱ्यांची मोजणी

जाळीच्या कुंपणाशी घडीची खुर्ची उघडून बसलेल्या मुलीने दोन्ही हातांत एकेक मोजणीयंत्र धरले होते. उजवे वाहनांसाठी, डावे पादचाऱ्यांसाठी. तंत्रशाळेतून निवृत्त झालेले मास्तर सकाळपासून तिच्या शेजारी उभे होते. तिच्या उजव्या अंगठ्याला उसंत नव्हती. डावा अजून हललाच नव्हता.

कुंपणापुढे आठ पदरी रस्ता आणि त्याच्या पलीकडे शुश्रूषागृह. तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीत मास्तरांची पत्नी होती. रहदारी नसती तर हाक ऐकू गेली असती. गाडीने मात्र थेट उड्डाणपुलापर्यंत जाऊन वळून यावे लागे : चौदा किलोमीटर. नजर अधू झाल्यामुळे मास्तरांचा परवाना गेला होता, बस त्या बाजूला फिरकत नव्हती, आणि त्यांना रोज नेणारी लेक रविवारी बदलीच्या गावी निघणार होती. रस्त्याखालून भुयारी वाट करावी, असा त्यांनी रस्ते खात्याकडे अर्ज केला होता. कचेरीचे म्हणणे, आधी पायी ओलांडणारे किती आहेत ते मोजू; म्हणून ही मुलगी पाठवली होती.

“अगं, पण वाटच नाही तर ओलांडणार कोण?”

“ते मला कुठं ठाऊक, काका? जो पलीकडे पोचेल, तो मोजायचा.”

“आणि जो मध्येच राहील?”

“त्यांचं खातं वेगळं.”

मास्तरांना हसू आले, पण ते ओठांपर्यंत पोचले नाही.

मोजणीला येतो म्हणून कुंपणामागच्या मास्तरांच्या इमारतीतल्या सगळ्यांनी शब्द दिला होता. तसे ते आलेही. तळघरातून गाडी काढून, आपापल्या कामाच्या दिशेने. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी वेग कमी करून काच खाली केली.

“मास्तर, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत हं!”

मुलीने उजवे बटण दाबले.

उन्हे चढली तशी मास्तरांची लेक गाडी घेऊन आली. इंजिन चालूच ठेवून तिने हाक मारली, “बाबा, चला. भेटीची वेळ टळेल.”

मास्तर हलले नाहीत. मोजणारीने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा डाव्या हातातल्या शून्याकडे.

“काका, दाबू का थोडं? कुणाला कळतंय!”

मास्तरांची बोटे जाळीत घट्ट रुतली. आयुष्यभर त्यांनी पोरांना मापे घ्यायला शिकवली होती.

“नको,” ते म्हणाले. “नसलेलं माप लिहायचं नाही.”

ते गाडीत बसले. दार लागताच मागे मुलीचा उजवा अंगठा हलला.

उड्डाणपुलाच्या चढावर गाड्यांची रांग तुंबली, तेव्हा लेकीने गिअर बदलला.

“झाली का मोजणी?”

“एका म्हाताऱ्याला रस्त्यापलीकडे न्यायला टनभर लोखंड चौदा किलोमीटर हलवायचं,” मास्तर समोर बघत म्हणाले. “याला वर्कशॉपात आम्ही यंत्र म्हटलं नसतं. नुसतं इंधन जाळणारी भट्टी म्हटलं असतं.”

“बाबा, मी बदली रद्द करून बघू का?”

“वेडी आहेस. पुढं बघ.”

खोलीत पत्नी खुर्चीवर बसली होती. काही काही दिवशी ती त्यांना ओळखत नसे. आज तिने त्यांना नीट ओळखले आणि त्यांची बाही झटकली.

“किती ही धूळ! चालत आलात की काय?”

दारात उभ्या असलेल्या लेकीने मान वर केली.

“हो,” मास्तर म्हणाले. “चालतच आलो. समोरच तर आहे घर.”

पत्नीचा चेहरा उजळला. “मग माझी उगीच काळजी! ही गावाला गेली तरी तुम्ही रोज याल.”

“येईन की.”

तिने समाधानाने त्यांचा हात मांडीवर ओढून घेतला. लेक बाहेर व्हरांड्यात गेली होती. तिच्या पावलांचा आवाज मात्र दाराबाहेरच थांबला होता.