टेबल सहा बांगडे

चौऱ्याऐंशी साली पूर्णगडाअलीकडच्या एका वाडीतल्या शाळेत हौसाबाईंनी एकच हिशेब धरला होता : तपासणीच्या साहेबांचा चांगला शेरा मिळाला की पालीला बदली. पालीला त्यांची चार वर्षांची राही आजीजवळ होती. दोन एस्ट्या बदलून बाई रविवारपुरत्या आई व्हायच्या, बाकी सहा दिवस रजेवर.

साहेब बुधवारी येणार होते. धडा होता लांबी मोजण्याचा. शाळेत फूटपट्टी एकच, ती कपाटात, आणि कपाटाची किल्ली हेडमास्तर पावसाळ्यापासून शोधत होते. बाईंनी सोमवारी दुसरीच्या पोरांना सांगितलं, "घरातनं एकेक वस्तू आणा. तिनंच मोजायचं. पण घरात रोज लागते अशी हवी हां."

ही अटच बाईंना भोवली. दुपारच्या सुट्टीनंतर कुलसुमनं कंगवा आणला, रघूनं बापाची चप्पल. मजीदनं कागदात गुंडाळलेला बांगडा काढला. ताजा, ओला.

"अरे मेल्या, हे काय?"

"बाई, आमच्याकडं रोज हाच लागतो."

बाईंनी नाक दाबून मोजायला सांगितलं. टेबल पाच बांगडे भरलं. बाईंनी ते तीनदा धुतलं आणि दम दिला, "परत ओलं आणलंस तर याद राख!"

बुधवारी साहेब आले. आधी पोट आलं, मागाहून साहेब. खुर्चीवर टेकून त्यांनी विचारलं, "हे टेबल किती लांब?"

"आठ कंगवे!"

"साडेचार चपला!"

"टेबल एक आणि उत्तरं दोन?" साहेबांनी भुवया चढवल्या. "खोटं कोण बोलतंय?"

बाईंना पाली लांब लांब जाताना दिसली. तेवढ्यात मजीद कागद सोडत उठला.

"खोटं कोणच नाय, साहेब. माझंच बघा. सोमवारी पाच बांगडे भरले, आज सकाळी मोजलं तर सहा."

"म्हणजे टेबल वाढलं?"

"टेबल कशाला वाढंल? सोमवारचा ओला होता. बाई ओरडल्या म्हणून आज सुका आणला. उन्हात आखडतो तो. माप बारकं झालं, आकडा वाढला."

साहेबांनी बांगडा हातात घेऊन उलटवला. मग त्यांनी वास घेतला.

"घरी वाळवलेला काय रे?"

"आईनं."

"हं. नमुना म्हणून न्यावा लागेल."

शिपायानं मजीदच्या घरून एक डझन नमुने बांधून आणले. साहेबांनी शेरेबुक उघडलं, झरझर लिहिलं आणि पुडकं काखेत मारून ते निघून गेले.

बाईंनी वाचलं : ‘उत्कृष्ट. किनाऱ्यावरच्या मुलांना अशाच शिक्षिकेची गरज आहे. यांना येथून मुळीच हलवू नये.’

पहिल्या शब्दाला फुललेलं हसू शेवटच्या शब्दापर्यंत पार आखडलं. बदलीचा अर्ज बाईंनी पर्समध्ये आणखी एक घडी घालून कोंबला.

बाईंची पाली साऱ्या वर्गाला ठाऊक होती. मजीद टेबलाशी घुटमळला.

"बाई, तुमची पाली हितनं किती बांगडे लांब असंल?"

बाईंनी पदरानं नाक पुसलं.

"ओल्यानं मोज रे मेल्या," त्या म्हणाल्या. "तेवढीच जवळ येईल."