भाऊजींचे पट्टे

आमच्या घरात काळे दाणे सापडत नाहीत अशी एकही जागा उरलेली नाही. गादीत सापडतात, मोज्यांत सापडतात, एकदा तर माझ्या कानातल्याच्या फिरकीत निघाला. फुटबॉलच्या कृत्रिम गवतात हे रबराचे दाणे भरलेले असतात. गवताची पाती उभी राहावीत आणि पडणाऱ्याचे गुडघे शाबूत राहावेत म्हणून. मैदान मी सांभाळते. त्यावर ब्रश मारायचं काम माझ्या धाकट्या दिराकडे आहे, म्हणजे त्यालाही मीच सांभाळते.

प्लास्टिकच्या गवताला काय करावं लागतं, असं लोक विचारतात. विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. छोट्या ट्रॅक्टरला रुंद ब्रश लावून ते विंचरावं लागतं, तेही दर वेळी आधीच्या उलट दिशेने. एकाच बाजूने विंचरत राहिलं की पाती आडवी होतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. म्हणून मी शेडच्या दारावर एका खिळ्यावर लाकडी बाण लावला होता. ब्रश मारून झाला की बाण उलटा फिरवायचा, पुढच्या वेळी तो दाखवेल तसा ट्रॅक्टर न्यायचा. इतकं सोपं, की चुकायला मुद्दाम डोकं लावावं लागेल. भाऊजींनी लावलं.

त्या दिवशी विभागीय संघटनेचे तपासनीस आले होते. बायकांच्या हौशी लीगचे सामने आमच्याकडे होणार की नाही, ते ठरायचं होतं. नाही झाले, तर आमच्या संघाला घरचे सामनेसुद्धा पलीकडच्या शहरात जाऊन खेळावे लागणार. संघ म्हणजे कोण? नर्स, बेकरीवाली, शाळेतल्या दोघी बाई, असं करत जमवलेला. गोलवर माझी धाकटी जाऊ. दर रविवारी एवढ्या लांब कोण जाईल? नर्सने तोंडावर सांगितलं होतं, "मैदान गेलं की मी गेले." ती गेली की बाकीच्याही जाणार, हे मला न सांगताच कळत होतं.

तपासनिसांनी एक छोटी घसरगुंडी मांडली, तिच्यावर चेंडू ठेवला आणि सोडला. चेंडू उतरला आणि निघाला तो निघालाच.

"थांबेल," मी म्हणाले.

"वाट बघू," ते म्हणाले.

वाट बघून झाल्यावर त्यांनी खाली बसून गवतावर तळहात फिरवला. "झोपलंय हे. फरशीवरून जावा तसा चेंडू जातोय. ब्रश एकाच बाजूने मारता का?"

"छे! आमच्याकडे बाण आहे."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की बाणाचं पुढे काही सांगायचं मला धाडस झालं नाही.

"मी दिवे, जाळ्या, खोल्या बघतो, मग जेवतो," ते म्हणाले. "जाताना पुन्हा चेंडू सोडीन. तेव्हाही हेच झालं, तर या हंगामात माझं पुन्हा येणं नाही."

मी तरातरा शेडकडे गेले. भाऊजी ट्रॅक्टर पुसत होते.

"भाऊजी, बाण फिरवत होता ना?"

"दर वेळी! कधी विसरलो असेन तर शपथ."

"आणि ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टरचं काय?"

"तो बाणाप्रमाणे नेत होता का?"

"तसं केलं की पट्टे मोडतात, वहिनी."

मी कपाळाला हात लावला. टीव्हीवरच्या मैदानांवर असतात तसे, एक फिका एक गडद, रुळासारखे सरळ पट्टे! गेला महिनाभर भाऊजी ते जपत होते. पाती पलीकडे झुकली की फिका, अलीकडे झुकली की गडद, म्हणून प्रत्येक पट्टा दर वेळी त्याच दिशेने. रोज माझ्या डोळ्यांसमोर होते ते, पण कालचा फिका आज गडद झाला का, हे कोण बघतं? मी बाण बघायचे. बाण बिचारा इमानदारीत फिरत होता.

"आत्ताच्या आत्ता उलटा ब्रश मारा. सगळीकडे."

"आत्ता नाही. संध्याकाळी संघाचा फोटो आहे. फोटो झाला की मारतो."

"संध्याकाळी संघच राहणार नाही, तर फोटो कोणाचा काढणार? तुमच्या पट्ट्यांचा?"

"एक दिवस थांबलं तर काय बिघडतं?" असं म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली. चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि किल्ली खिशात! मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात जाऊ आली, संघाचे टी-शर्ट घेऊन. मी तिला एका दमात सगळं सांगितलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे काय काढलंय?"

भाऊजी ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत म्हणाले, "तुझा एकटीचा एक तरी फोटो आहे का घरात? सगळ्यांत तू मागे उभी. कुणाचं तरी लेकरू धरून, नाहीतर अर्धी कापलेली. म्हटलं, एक तरी टीव्हीतल्यासारखा निघू दे."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. तसा तो गेला नव्हता म्हणा.

"मग त्यात मी गोलकीपर दिसायला हवी ना?" जाऊ म्हणाली. "मैदानच गेलं तर हातमोजे घालून काय भांडी घासू? किल्ली काढा."

भाऊजींनी किल्ली काढली. ट्रॅक्टरवर बसले आणि आपलेच पट्टे एकेक करून उलटे विंचरत गेले. प्रत्येक वळणावर मागे वळून असे बघत होते, जणू कोणाला तरी गाडीत बसवून परततायत. कोपऱ्यांत ब्रश पोचत नाही, तिथे आम्ही दोघी खराट्याने पाती उठवत होतो. तपासनीस सावकाश जेवले. देव त्यांचं भलं करो.

परत येऊन त्यांनी आपल्याला हव्या त्या जागा निवडल्या आणि चेंडू सोडत गेले. चेंडू दर वेळी जायचा, रेंगाळायचा, थांबायचा. गोलसमोरच्या जागी मात्र तो जरा जास्तच लांब गेला. त्यांनी टेप लावली, पुन्हा लावली.

"नियमात बसतंय," ते म्हणाले. "जेमतेम. बाण बदला तुमचा."

"बाण नाही, माणूस बदलते," मी म्हणाले. ते पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी फोटोवाला आला. बायका दोन ओळींत उभ्या राहिल्या. पट्ट्यांचं नावनिशाण नव्हतं, सगळं गवत अंगावर काटा आल्यासारखं उभं.

"काय अवकळा आलीये," भाऊजी पुटपुटले. "मैदान झोपेतून उठल्यासारखं दिसतंय."

"आम्ही तरी वेगळ्या कुठे दिसतोय?" जाऊ म्हणाली. मग फोटोवाल्याने न सांगताच ती मागच्या ओळीतून निघाली आणि चेंडू घेऊन पुढे, मधोमध येऊन बसली.