फरशी ओलांडणारी माणसं

मित्रांनो, माझ्या पाठीशी घडीच्या खुर्च्या रचल्या आहेत आणि डोक्यावर नाताळच्या सजावटीचं खोकं ठेवलं आहे. पहिल्या नजरेत मी तुम्हाला अडगळ वाटेन. पण मी पियानो आहे. जुना, थोडा बेसूर, एका कडेने उन्हाने फिकटलेला, तरी पियानोच. आयोवा राज्यातल्या ऑस्टबी गावात, लुथरन चर्चच्या तळघरातलं सभागृह हे माझं घर.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. मेपलचं लाकूड, लोखंडाची चौकट, पोलादी तारा आणि लोकरीच्या नमद्याने मढवलेले हातोडे असं माझं शरीर. एका म्हाताऱ्या कारागिराने मला सूर लावले. पहिला सूर नीट लागला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, एवढंच मला त्याच्याबद्दल आठवतं. ऑस्टबीच्या बायकांनी हिवाळाभर केक आणि लोणची विकून मला विकत घेतलं. मी मालगाडीतून उतरलो तेव्हा निम्मं गाव स्टेशनवर आलं होतं. मला वाटलं, गाडीतून कुणी मोठा माणूस आला असावा. ते माझ्यासाठी आले होते!

पुष्कळ वर्षं मी वर, रंगीत काचेच्या खिडकीजवळ होतो. लग्नं वाजवली, अंत्ययात्रा वाजवल्या, लहान मुलांच्या चुकलेल्या सुरांना सांभाळून घेतलं. मग चर्चमध्ये मोठा ऑर्गन आला आणि मला खाली आणलं गेलं. माझ्या मनाला ते फार लागलं. पण मित्रांनो, वरच राहिलो असतो तर पुढे जे पाहिलं ते मला कधीच दिसलं नसतं.

दर चार वर्षांनी, ऐन थंडीत, गावातले लोक या तळघरात जमत. आपल्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला उभं करावं हे ठरवायला. त्याला ते कॉकस म्हणत. चिठ्ठी नाही, पडदा नाही. ज्याला जो उमेदवार हवा त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. एखाद्या गटात माणसं फारच कमी भरली तर तो गट मोडायचा. त्यातल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जावं, नाहीतर घरी जावं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी थक्क झालो. एवढ्या बलाढ्य देशाचा प्रमुख निवडायचा, आणि त्याची सुरुवात कुठे व्हायची? ओल्या बुटांच्या आणि कॉफीच्या वासाच्या या खोलीत!

मला वाजवणारी होती व्हर्ला टियाडेन. तिची बोटं जाडसर होती, तिने उभं आयुष्य गाईंच्या धारा काढल्या होत्या. पण माझ्यावर ती फार हळुवार फिरत. तिचा नवरा डुएन मांसाच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडला, नोकरीबरोबर विमाही गेला. डुएनने छातीतली कळ सगळ्यांपासून लपवली. डॉक्टरांचं बिल घर खाईल अशी त्याला धास्ती होती. एका सकाळी तो गोठ्यात पडलेला सापडला. त्यानंतर बरेच महिने व्हर्ला माझ्याकडे आली नाही. आली तेव्हा झाकण न उघडताच बसून राहिली.

त्यानंतरच्या कॉकसची ही गोष्ट आहे.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा होता आणि त्याला हरवायचं, यावर तळघरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. कुणाला घेऊन हरवायचं, यावर मात्र नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गव्हर्नर ब्रँडवोल्ड यांचा गट उभा राहिला. सावध माणूस, सगळ्यांना चालेल असा. माझ्यापाशी सिनेटर टेस्लर बाईंचा गट जमला. आजारी पडलेल्या प्रत्येक माणसाला मोफत उपचार, हे त्या जातील तिथे ठणकावून सांगत. माझ्यापाशी व्हर्ला होती. तिच्या शेजारी कायलिन दोस्ताल, गावच्या शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका.

गव्हर्नरच्या गटातून ऑरिन बाउस्टियन आमच्याकडे आले. त्यांनी गावातल्या तीन पिढ्यांना फुटबॉल शिकवला होता, म्हणून सगळे त्यांना कोचच म्हणत.

"व्हर्ला, तुमची बाई सोन्यासारखी आहे," कोच म्हणाले, "पण नोव्हेंबरच्या निवडणुकीत आपटणार."

"कोच, तुम्हीच ना पोरांना सांगायचात, समोरचा संघ केवढा आहे ते बघू नका म्हणून? आता तुमचेच पाय लटपटायला लागले?"

"पोरांना थापा मारायचो. निम्मे सामने हरायचो आम्ही."

सगळे हसले. कोच हसले नाहीत.

"थट्टा सोड. तरुणपणी मीसुद्धा असाच एका भल्या माणसामागे उभा राहिलो होतो. त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही. पण असा सपाटून हरला की दुसऱ्या दिवशी शाळेत पोरंच माझी समजूत काढत होती. आणि जो जिंकला, त्याने काय काय करून ठेवलं ते आम्ही नुसते बघत बसलो. हात स्वच्छ होते आमचे. पण रिकामे."

"आणि गेल्या वेळी?" कायलिन पुढे झाली. "गेल्या वेळी तुम्ही सगळ्यांनी मिळून जिंकणारा म्हणून माणूस शोधला. गुळमुळीत. तो तरी कुठे जिंकला? जो कुणालाच नकोसा नसतो ना कोच, तो कुणाला हवासाही नसतो."

कोचनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात फिरवली.

"पोरी, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. पण माझ्या बायकोला, जीनेटला, दिवसाआड डायलिसिस लागतं. आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात. हा राष्ट्राध्यक्ष परत आला तर त्या दवाखान्याची सरकारी मदत तुटणार, हे त्याने स्वतःच सांगितलंय. मग दुसरा दवाखाना गाडीने दोन तासांवर. बर्फातून. ती नाही टिकायची. मला जगातला सगळ्यात चांगला कायदा नकोय, व्हर्ला. मला तो दवाखाना हवाय."

व्हर्ला शांतपणे म्हणाली, "डुएनलासुद्धा तो दवाखाना उघडाच होता, कोच. दार सताड उघडं होतं. आत पाऊल टाकायची त्याची ऐपत नव्हती."



सभा चालवणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी मोजणी केली. टेस्लर बाईंचा गट थोडक्यात कमी पडला. "आता ज्यांना जागा बदलायची त्यांनी बदला," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनाही ते सांगणं जड गेलं असावं.

एकेक जण माझ्यापासून निघू लागला. कुणी कोट चढवून घरी गेलं, कुणी खाली मान घालून पलीकडे. व्हर्ला माझ्या स्टुलावर टेकली. तिने माझ्या झाकणावर तळवा ठेवला.

"कोच," तिने विचारलं, "तुमचा गव्हर्नर मोफत उपचारांचा कायदा करील?"

"नाही करणार."

"अर्धा तरी?"

"मला नाही वाटत."

"अहो, निदान खोटं तरी बोलायचं!"

"तुझ्याशी? डुएनच्या बायकोशी?"

व्हर्ला गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि चालायला लागली.

त्या फरशीवर मी नाचणारी पावलं पाहिली होती, रांगणारी मुलं पाहिली होती. एवढं अवघड चालणं पाहिलं नव्हतं. मध्यावर पोचल्यावर ती थांबली आणि सगळ्यांकडे वळली.

"मी येतेय तिकडे. पण माझा ठराव मांडून घ्या. सगळ्यांना उपचार मिळाले पाहिजेत, असा. आणि जिल्ह्याच्या सभेला प्रतिनिधी म्हणून मलाच पाठवायचं. तिथे मी तुमच्या गव्हर्नरसाठी हात वर करीन आणि त्याच तोंडाने डुएनबद्दल बोलीन. हे चालणार असेल तर बोला, नाहीतर मी घरी जाते. गाई वाट बघतायत."

सगळ्यांत आधी कोचचा हात वर गेला. मग भराभर सगळे हात वर झाले.

व्हर्लाने मागे वळून पाहिलं. माझ्यापाशी एकटी कायलिन उरली होती. तिचे डोळे भरले होते.

"व्हर्ला, मला नाही येता येत."

"नको येऊस. कुणीतरी तिथे उभं राहायलाच हवं. नाहीतर मी कुठून निघाले ते मीच विसरेन."

"कायलिन, तुझं मत धरलं जाणार नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "तू घरी गेलीस तरी चालेल."

"मला माहीत आहे. तरी उभी राहते."

आणि ती उभी राहिली. सभा संपेपर्यंत, एका हाताने मला धरून. कुणी तिची टिंगल केली नाही. मग खिडकीपाशी बसलेली जीनेट, कोचची बायको, सावकाश उठली. एका हातात कॉफीचा कप घेऊन, दर दोन पावलांवर श्वास घेत ती सबंध खोली ओलांडून आली. कप तिने कायलिनच्या हातात दिला.

"तू बरोबर आहेस, पोरी," ती म्हणाली. "मी जगायला धडपडतेय म्हणून तिकडे आहे, एवढंच."

त्या दिवशी मला कळलं, मित्रांनो, की सूर फक्त तारांमधून निघतात असं नाही.

पुढे गव्हर्नर ब्रँडवोल्ड उमेदवार झाले आणि नोव्हेंबरात अगदी निसटते निवडून आले. दवाखाना वाचला. जीनेट आणखी बरेच हिवाळे जगली, नातीच्या लग्नात मी वाजत असताना खुर्चीतल्या खुर्चीत डुलली. तो कायदा मात्र झाला नाही. अर्धाही नाही. व्हर्ला ठराव घेऊन जिल्ह्याच्या सभेत गेली, बोलली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि ठराव तिथेच राहिला. पुढच्या सभेला ती पुन्हा गेली. कायलिन गाडी चालवायची. परत येताना दोघी कधी कधी इथे उतरत. व्हर्ला वाजवायची आणि कायलिन अत्यंत वाईट आवाजात गायची.

त्या वर्षांत शेजारच्या गावातला एक सुतार डुएनसारखाच गेला. बातमी आली तेव्हा व्हर्ला इथेच होती. तिने माझ्या पट्ट्यांवर दोन्ही मुठी आपटल्या. मला दुखलं नाही. तिला कुठेतरी आपटायचंच होतं, आणि मी समोर होतो याचं मला समाधान वाटलं.

गव्हर्नर दोनदा राष्ट्राध्यक्ष होऊन पायउतार झाले आणि पुन्हा तसा कॉकस भरला. या वेळी सगळ्यांना उपचार द्या म्हणणारा एक तरुण महापौर उभा होता. तो जिंकेल असं कुणालाही वाटत नव्हतं. माझ्यापाशी व्हर्ला, कायलिन आणि थोडे लोक जमले. पुन्हा तीच वेळ आली, गट थोडक्यात कमी पडला.

कोच खिडकीपाशी बसले होते. जीनेट गेल्याला वर्ष होत आलं होतं. ते काठी टेकत उठले आणि आमच्याकडे चालू लागले. सगळी खोली बघत राहिली. आयुष्यभर जिंकणाऱ्याचा हिशेब सांगणारा हा माणूस!

"कोच, वाट चुकलात का?" व्हर्लाने विचारलं.

"हा पोरगा जिंकायचा नाही, व्हर्ला."

"मग कशाला आलात?"

"तू आली होतीस तेव्हा तुला तरी कुठे पटलं होतं?"

व्हर्ला स्टुलावरून उठली आणि तिने त्यांना तिथे बसवलं. कोचच्या मागून त्यांचे जुने खेळाडू आले, आता टक्कल पडलेले, पोटं सुटलेले. गट पुरा झाला.

तो महापौर वसंत ऋतूच्या आधीच शर्यतीतून बाहेर पडला. कोच म्हणाले, "सांगितलं होतं मी." पण ते हसत होते.

आता आमच्या पक्षाने पद्धत बदलली आहे. मतपत्रिका टपालाने घरी येते. रात्रपाळीवाल्यांना, आजाऱ्यांना, तान्ह्या मुलांच्या आयांनाही मत देता येतं. हे चांगलंच झालं. पण त्यामुळे माझी खोली शांत झाली आहे. मधूनमधून कायलिन शाळेतली मुलं घेऊन येते, तेव्हा मी जमेल तसा वाजतो.

मित्रांनो, मला पुसा, मला सूर लावून द्या, असं मी मागितलं तर ते वावगं नाही. पण माझं मागणं वेगळं आहे. कधीतरी तुमच्यावरही वेळ येईल. मनाला पटणारं एका कोपऱ्यात असेल आणि घडण्यासारखं दुसऱ्या. तेव्हा कुठे उभं राहायचं हे मी सांगू शकत नाही. इतकं पाहूनही मला ते कळलेलं नाही. पण जो कोपरा सोडाल, त्याच्याकडे एकदा वळून बघा. तिथे उभ्या राहिलेल्याला हसू नका. आणि कुणी फरशी ओलांडून तुमच्याकडे आलं, तर जिंकलो म्हणून टाळ्या पिटू नका. त्याला बसायला जागा द्या, गरम काहीतरी प्यायला द्या. खोली लहान असली तरी माणूस फार लांबून चालत आलेला असतो.