उष्टं मत

डोर्कास वर्गात पुढच्या रांगेत जाऊन बसली, तेव्हाच माझं डोकं फिरलं. पायाला शेतातली माती आणि अंगात नवाकोरा फुलाफुलांचा झगा! कौपाने कुंडियावा शहराच्या बाजारातून आणलेला. कौपा आमचा नवरा. मी त्याची पहिली बायको, ही माझी सवत. मला झगा आणला नव्हता.

वर्ग चर्चच्या अंगणात भरायचा. जोसेफाबाई शहरातून यायच्या, बायकांना मतदान शिकवायला. झाडाला झोळ्या टांगलेल्या, एकेका उमेदवाराची एकेक; पुढ्यात मतं म्हणून रताळ्यांचा ढीग.

"कागदावर तीन चौकटी असतात, प्रत्येकीत एका उमेदवाराचा आकडा लिहायचा. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. तिन्ही भरायच्या, नाहीतर मत बाद. आता सांगा, वॉर्डात आपल्यातली कुणी उभी राहिली तर?"

सगळ्या बायकांनी डोर्कासकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "खरंच, हिला पटकन कळतं. राहा गं उभी!"

झालं! इतकी वर्षं मी या कुळात राबले ते कुणाला दिसलं नाही, आणि कालची आलेली ही शहाणी! मी उठले आणि तरातरा घरी आले. त्यानंतर बाईंनी रताळी या झोळीतून त्या झोळीत कशी टाकली, ते मी पाहिलंच नाही.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी बायकांच्या जेवणाला कौपाने डुक्कर मारलं. कुणाचं? माझं! पिल्लू होतं तेव्हा कुशीत घेऊन निजायचे मी त्याला. जिने वाढवलं तिनेच वाटे करायचे, ही आमची रीत. तापल्या दगडांवरून मांस निघालं, तर सुरी डोर्कासच्या हातात! मी एक घास तोंडात घातला नाही.

मग ती खरंच निवडणुकीला उभी राहिली आणि घरोघर मतं मागत फिरली. माझ्याही दारात आली.

"अक्का, पहिलं मत गिगमाई भावजींना दे, दुसरं तुझ्या माहेरच्या माणसाला. तिसरं मला घाल."

"उष्टं मागतेस? लाज नाही वाटत?"

"पोट भरायचं तर कसली लाज?"

"बरं, घालीन. डुकरांना घालते तसं."

ती हसत गेली. माझा नुसता जळफळाट झाला.

मतदानाच्या दिवशी मी पहिल्या चौकटीत थोरल्या दिराचा, गिगमाई भावजींचा आकडा लिहिला, दुसरीत माहेरचा. तिसरी रिकामी ठेवली असती, पण मत बाद झालं असतं. म्हणून तिथे सवतीचा आकडा लिहिला, थुंकल्यासारखा. बस म्हटलं तळाला! तिसऱ्याला कोण विचारतंय?

मोजणी शाळेच्या मैदानात, सगळ्यांच्या देखत झाली. गावातला दुकानदारही उभा होता; सुरुवातीला तोच सगळ्यांच्या पुढे, डोर्कास बरीच मागे. तिला मतं कुणाची, तर विधवांची आणि तिच्या माहेरची. मला कसं गार वाटलं! मग एकेक उमेदवार गळायला लागला. माझ्या माहेरचा गळाला. थोड्या मतांनी गिगमाई भावजीही गळाले. आणि त्यांचे कागद उचलून माणसं डोर्कासच्या पेटीत टाकायला लागली. भराभर.

"हे काय चाललंय गं?" मी शेजारणीला ढोसलं.

"अगं, पहिला गळाला की मत दुसऱ्याला, तोही गळाला की तिसऱ्याला. रताळ्यांनी तेच तर दाखवलं होतं! तू रुसून पळालीस ना? पहिली दोन मतं सासर-माहेरच्या पुरुषांना द्यावीच लागतात. तिसरं आपलं."

माझा कागदही त्याच पेटीत पडला असणार. डोर्कास जिंकली, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी.

संध्याकाळी ती माझ्या चुलीशी येऊन बसली. बाहेर कौपा नाचत होता.

"अक्का, घातलंस ना उष्टं?"

"घातलं."

"बघ, पोसले त्यावर."

अंगाची नुसती आग झाली. पण चिडू कुणावर? माझ्याच हाताने मी सवतीला निवडून दिलं होतं.

"ती जोसेफाबाई परत कधी येणार?" मी विचारलं.

"का गं?"

"पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार. तुझ्यासमोर."

तिचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "पहिलं मत मी मलाच देणार हं, अक्का."

"दे की," मी म्हटलं. "तिसरं मला घाल."